कठड्यापलीकडून हाक

पुष्करने लॅपटॉप उघडला तेव्हाच ज्योत्स्नाबाईंनी ओळखलं, की आता चहाचं नाव काढायचं नाही.

खाली गोठा, वर लेक उत्तरा, अशी ती जागा होती. दोनच खोल्या. त्यात आज कोबेहून ज्योत्स्नाबाई आणि विलासराव, उरायासुहून पुष्कर आणि त्याची बायको विभा, असे सगळे येऊन पडलेले. होक्काइदोच्या पूर्वेकडच्या या तोमानाई गावात ऑक्टोबर म्हणजे चांगलीच थंडी. केरोसीनच्या स्टोव्हभोवती पाचजण गुडघ्याला गुडघा लावून बसले होते आणि खालून गाईंचा उबदार वास येत होता. विभाने मफलर नाकावर घेतला होता. सुनेला थंडी वाजत होती की वास येत होता, हे ज्योत्स्नाबाईंना कळत नव्हतं आणि विचारायचंही नव्हतं.

"तर हा ट्रॅक," पुष्कर म्हणाला. स्क्रीनवर एक लंबगोल आला. "शेवटचं वळण. हा लाल ठिपका म्हणजे हातानो-सान, आतल्या बाजूला. हा निळा म्हणजे उत्तरा, बाहेरून."

"मी निळी का?" उत्तराने विचारलं.

"कारण लाल जखमी झालाय. आता बघा, रूल काय सांगतो? आत शिरायचं तर मागच्या गाडीपुढे एक अख्खी घोडागाडी मावेल एवढं अंतर हवं. शर्यतीच्या कमिटीचं म्हणणं, तेवढं नव्हतं. माझं म्हणणं, अँगल कॅल्क्युलेट केला तर..."

"नव्हतं अंतर," उत्तरा शांतपणे म्हणाली. "दादा, मी तिथे होते. अजिबात नव्हतं."

पुष्करने लॅपटॉपचं झाकण अर्धवट मिटलं. गेले आठ-दहा दिवस ऑफिस सुटल्यावर इचिकावाच्या एका मित्राला हाताशी धरून त्याने ते ठिपके हलवले होते. पुण्यातल्या कंपन्यांना एकदम जपान दिसू लागला त्या लाटेत तो इकडे आला, आणि तेव्हापासून जगातली कुठलीही भानगड त्याला पंधरा स्लाइडमध्ये मांडता येते असं वाटत होतं. लहानपणी कोबे सोडून आजोळी पुण्याला शिकायला गेलेला मुलगा. बहीण इथेच वाढली. त्यामुळे भावाचं जपानी ऑफिसपुरतं आणि बहिणीचं मराठी घरापुरतं, अशी वाटणी झाली होती.

"मग अपील कशाला केलंस?" तो चिडून म्हणाला. "अंतर नव्हतं, तू आत घातलीस, त्या म्हाताऱ्याच्या गाडीचं चाक अडकलं, तो उडाला, खांद्याचं हाड मोडलं. गिल्टी. संपलं की!"

"मी घातली नाही. घोडी गेली."

"का गेली?"

उत्तरा गप्प. गेले तीन महिने ती इथपर्यंत येऊन गप्प बसत होती. जुलैत चौकशी झाली तेव्हाही तिने एवढंच सांगितलं होतं, की लगाम माझ्याकडून ओढला गेला नाही, घोडी का वळली ते मी सांगू शकत नाही. जपानात चुकलेल्या माणसाने मान खाली घालावी, भरभरून माफी मागावी, की निम्मी शिक्षा तिथेच माफ होते. ही पोरगी मान ताठ ठेवून गप्प बसली. कमिटीने ही सरळसरळ मग्रुरी समजून उरलेला मोसम आणि पुढचे दोन उन्हाळे तिला गाडीवर बसायची बंदी केली.

विलासरावांनी घसा साफ केला. मुंबईच्या कापडकंपनीने तीन वर्षांसाठी कोबेला पाठवलेला हा माणूस बंदर सोडून हललाच नाही. इतकी वर्षं इथल्या व्यापाऱ्यांत काढल्यावर त्यांचं एकच तत्त्वज्ञान उरलं होतं. "कारणबिरण काही नको. उद्या उभी राहा, वाक, आणि म्हण, माझी चूक झाली. मीही तुझ्याबरोबर वाकतो. आणि कोबेहून केकचा डबा आणलाय तो आज संध्याकाळी अध्यक्षांकडे सहज म्हणून..."

"बाबा! उद्या ज्यांनी निकाल द्यायचा, त्यांच्या घरी आज केक?"

"अगं, सहज म्हणून."

"बाबा, तो केक आपणच खाऊ या," विभा मफलरमधून म्हणाली, आणि एवढ्या ताणातही उत्तरा हसली. नणंद-भावजयींचं हे मेतकूट कधी जमलं, ज्योत्स्नाबाईंना पत्ता नव्हता. उरायासुला विभाकडे जावं तर ती सासूसमोर बोटं मोडत बसे, आणि इथे नणंदेची बाजू घ्यायला पुढे.

"पण उत्तरा, सांगण्यासारखं काही असेल तर सांगून टाक ना गं," विभा हळूच म्हणाली. "दोन उन्हाळे म्हणजे घोडीच जाईल तुझी."

तीच तर मेख होती. शेताचे मालक ओनोदेरा-सान मनाने चांगले, पण शर्यतीची घोडी दोन वर्षं नुसती चरायला ठेवणं त्यांना परवडणार नव्हतं. बंदी कायम राहिली तर ही घोडी, हामानासु, दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार होती, आणि घोडीसाठी ठेवलेली उत्तराही मग तिथे कशाला? ज्या शिंगराला तिने बाटलीने दूध पाजलं, पहिल्यांदा जुंपलं, दुडकी चाल शिकवली, ते परक्याच्या गाडीला.

"मो ई," उत्तरा उठत म्हणाली. पुरे म्हणायचं झालं की ती जपानीत जाई. "घोडीच्या वैरणीची वेळ झाली." आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

"बघ, बघ," पुष्कर आईकडे वळला. "तू तरी बोल तिच्याशी. का तुलाही हेच हवंय?"

ज्योत्स्नाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मुलगे कधीकधी न बघता नेमक्या ठिकाणी बोट ठेवतात. हो, त्यांना हेच हवं होतं. बंदीची बातमी फोनवर ऐकली तेव्हा "अरे देवा" तोंडातून निघालं खरं, पण फोन ठेवल्यावर त्यांनी उत्तराच्या खोलीतल्या गाद्या उन्हात घातल्या होत्या. मुलगी घरी येणार. शेणा-लिदीतून, बर्फातून, या गावातून सुटून येणार. कोबेत काय नाही? ऑफिसं आहेत, ओळखीची कुटुंबं आहेत, गणपतीला चार माणसं जमतात. आई म्हणून एवढी इच्छा धरली तर कुठे बिघडलं, असं त्या स्वतःलाच दहादा विचारत आल्या होत्या.

"मी बोलावून आणते तिला चहाला," त्या म्हणाल्या आणि अंगावर विलासरावांचाच जाड कोट चढवून खाली उतरल्या.

बाहेर अजून उजेड होता. गवताळ माळ समुद्राच्या बाजूला उतरत गेला होता आणि टोकाला घोडी चरत होती. तपकिरी रंगाची, रुंद छातीची, दांडगी मादी. उत्तरा कुंपणाशी पाठमोरी उभी होती, हातात बादली. ज्योत्स्नाबाई हाक मारणार तोच उत्तराने हाक मारली.

"ये गं चिमे! ये, ये, ये!"

ज्योत्स्नाबाईंचा पाय जागच्या जागी थांबला.

तिकडे घोडीचे कान आधी वळले, मग मान, मग ती सगळीच्या सगळी वळली आणि दुडक्या चालीने थेट कुंपणाकडे येत सुटली. आली आणि उत्तराच्या खांद्यावर तोंड टेकून उभी राहिली.

चिमी हे उत्तराचं घरातलं नाव. म्हणजे होतं. कोबेच्या घरात गॅलरीत वरणभाताचं ताट घेऊन उभं राहायचं आणि खालच्या बागेत खेळणाऱ्या पोरीला हाक मारायची, ये गं चिमे, ये, ये, ये. सगळी आळी ऐकायची. पोरगी चौदा-पंधरा वर्षांची झाली तेव्हा तिने एक दिवस ठणकावून सांगितलं, मला चिमी म्हणायचं नाही, मैत्रिणी हसतात. ज्योत्स्नाबाईंनी ते नाव गिळून टाकलं. त्यानंतर ते त्यांच्या तोंडून एकदाच निघालं होतं. जुलैत. शर्यतीच्या दिवशी.

त्या दिवशीची सगळी जत्रा त्यांच्या डोळ्यांपुढे आली. मुलीची शर्यत पहिल्यांदाच बघायला आलेल्या. भाजलेल्या कणसांचा धूर, पोरांचा गलका, आणि गावचीच शर्यत म्हणून कठड्याच्या आतल्या बाजूलाही माणसं मोकळी उभी. त्या शेवटच्या वळणाशी आत एकट्याच जाऊन उभ्या राहिल्या होत्या, कारण तिथून तोंड नीट दिसेल असं कुणीतरी सांगितलं. आणि हलक्या दोन चाकी गाडीवर, घोडीच्या शेपटीशी पाय पसरून बसलेली आपली पोर सगळ्यांच्या पुढे येताना बघून त्यांचं भान सुटलं. कोबेतल्या सगळ्या सभ्यपणासकट सुटलं. त्या कठड्यावर ओणवून जिवाच्या आकांताने ओरडल्या होत्या.

ये गं चिमे! ये, ये, ये!

"उत्तरा," त्यांनी हाक मारली. 

उत्तरा वळली. आईचा चेहरा बघून तिच्या हातातली बादली कलली.

"घोडीचं नाव हामानासु ना गं?"

"ते कागदावर."

"आणि एरवी?"

उत्तराने बादली घोडीपुढे धरली. घोडीने बादलीत तोंड घातलं आणि खायला लागली. तिला कशाचंच काही नव्हतं.

"मी हाक मारली म्हणून ती आत वळली," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "माझा आवाज. तुझा नि माझा आवाज फोनवर तुझ्या बाबांनाही वेगळा ओळखू येत नाही. तिला वाटलं तूच बोलावतेयस. म्हणून ती माझ्याकडे आली. मध्ये तो बिचारा हातानो..." त्यांनी घोडीकडे पाहिलं. "तुला हे तेव्हाच कळलं होतं?"

"लगेच."

"आणि तीन महिने तू..."

"मग काय सांगू, आई? कमिटीपुढे उभं राहून सांगू, की माझ्या आईने केलं? हातानो-सानच्या बायकोसमोर तुला वाकायला लावू? तू रात्रीची झोपली नसतीस. मला माहीत आहेस तू. कुकरची शिट्टी जास्त झाली तरी आठवडाभर बोलतेस."

"पण मग घोडीला हे नाव तरी कशाला दिलंस? तुला तर आवडत नव्हतं!"

उत्तराने घोडीच्या मानेवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"पहिल्या हिवाळ्यात इथे माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं," ती म्हणाली. "हे पिल्लू आजारी होतं. काहीतरी बोलावं लागायचं त्याच्याशी. मला जेवायला बोलावताना तू म्हणायचीस, तेवढेच शब्द तोंडात येत होते."

ज्योत्स्नाबाईंनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले. लेकीने लांब जायचं म्हणून आपली हाक टाकून दिली, असं त्या इतकी वर्षं समजत होत्या. ती हाक इथे या माळावर रोज सकाळ-संध्याकाळ दिली जात होती. त्यांना एकाच वेळी भरून आलं आणि लाजही वाटली. गाद्या उन्हात घातल्याची लाज.

"उद्या मी बोलणार," त्या म्हणाल्या.

"आई, नको."

"तू गप्प बसलीस, त्याचं काय झालं ते दिसतंय. आता मी बोलणार. आणि वर चल, तुझ्या बाबांनी केकचा डबा फोडला असेल."

वर खरोखरच डबा फोडला होता. ज्योत्स्नाबाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. पुष्कर तोंडाचा आ करून ऐकत राहिला. विभाने उत्तराचा हात धरला. विलासराव मात्र हातातला तुकडा ताटलीत ठेवून म्हणाले, "हे बाहेर बोलायचं नाही."

"का?"

"अगं, हसतील लोक! म्हणतील, परदेशी बाई आली, काहीतरी ओरडली आणि आता पोरीला वाचवायला घोडीच्या कानाची गोष्ट सांगतेय. त्यापेक्षा माफी मागितली की मान राहतो."

"कुणाचा मान, अहो? तुमचा की तिचा?"

विलासरावांनी बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या स्वरात ती क्वचितच बोलली होती, आणि बोलली होती तेव्हा दरवेळी तीच बरोबर निघाली होती. त्यांनी ताटली बाजूला सारली. "त्यांनी विश्वास ठेवला नाही तर?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मग दाखवू," पुष्कर म्हणाला. त्याने लॅपटॉप मिटून पिशवीत टाकला होता. "सिंपल आहे, बाबा. डेमो देऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या समाजमंदिरात सगळे जमले. दारात बुटांची रांग, आत चटयांवर उशा, प्रत्येकापुढे हिरवा चहा. अध्यक्ष किकुची-सान गुराढोरांच्या बाजारात आयुष्य काढलेले, जाड भुवयांचे गृहस्थ. त्यांच्या एका बाजूला गावची पशुवैद्य बाई, दुसऱ्या बाजूला निवृत्त शाळामास्तर. समोर हातानो-सान आणि त्यांची बायको. म्हाताऱ्याचा हात झोळीतून निघाला होता, पण चहाचा कप तो अजून डाव्या हातानेच उचलत होता. ज्योत्स्नाबाईंची नजर त्या हातावरून हटेना.

अध्यक्षांनी उत्तराला विचारलं, नवीन काही सांगायचं आहे का. उत्तराने तोंड उघडायच्या आत ज्योत्स्नाबाई उभ्या राहिल्या.

त्यांचं जपानी कोबेच्या भाजीबाजारात तयार झालेलं होतं. रोखठोक, ठसक्याचं, दुकानदारांशी घासाघीस करून पक्कं झालेलं. या थंड गावात ते कानाला चांगलंच वेगळं लागलं असणार, कारण मास्तर आधी गालातल्या गालात हसले. पण त्या बोलत गेल्या तसं हसू मावळलं. लहानपणीची हाक, घोडीचं नाव, वळणावर आपण कुठे उभ्या होतो, काय ओरडलो, सगळं त्यांनी सांगितलं. मग त्या हातानो पती-पत्नींकडे वळल्या आणि चटईला कपाळ लागेपर्यंत वाकल्या. शेजारी काहीतरी हललं. बघतात तर विलासरावही त्यांच्याबरोबरीने वाकलेले होते.

किकुची-सानांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"विश्वास ठेवायला कठीण आहे," ते म्हणाले.

"कठीण नाही," पशुवैद्य बाई म्हणाली. "जी हाक ऐकून वैरण मिळते, त्या हाकेकडे जनावर जाणारच."

"तसं असेल तर मैदानात बघू."

मैदानात वारा बोचरा होता. उत्तराने घोडी गाडीला जुंपली आणि बाहेरच्या बाजूने दुडकीवर आणली. किकुची-सान तिचे हात बघायला वळणावर कठड्याला टेकून उभे राहिले. आत, जुलैतल्याच जागी, आधी पुष्करला उभं केलं. त्याने छाती फुगवून तेच शब्द ओरडून म्हटले. घोडी त्याच्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेली.

"घरात मला कुणी विचारत नाही, तर ही घोडी कशाला विचारेल," पुष्कर पुटपुटला. विभा मफलरमध्ये तोंड लपवून हसली.

मग ज्योत्स्नाबाई पुढे झाल्या. गाडी वळणाशी आली.  त्यांनी डोळे मिटले, कोबेची गॅलरी आठवली आणि हाक मारली.

घोडी वळली. चाक वाळूत करकरलं. उत्तराने बाहेरचा लगाम सर्व ताकदीनिशी ओढला होता, हे तिच्या दंडावरूनच दिसत होतं, तरीही ती अर्ध्या टनाची घोडी मान तिरकी करून सरळ कठड्याकडे आली आणि ज्योत्स्नाबाईंच्या कोटाला नाक लावून थांबली.

"कान," कुणीतरी म्हणालं. ते हातानो-सान होते. ते कठड्याजवळ आले. "तिचा आतला कान आधी वळला. त्या दिवशीही मी बघितला होता. पडायच्या आधी तेवढंच दिसलं. इतके दिवस विचार करत होतो, मुलीने लगाम ओढला तर कान आधी कसा वळेल?" त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तुला म्हटलं होतं ना मी?"

"म्हणाला होतात," ती म्हणाली. तिने ज्योत्स्नाबाईंकडे बघून अगदी थोडी मान झुकवली. माफी एवढ्यात मिळत नाही, पण दार किलकिलं होतं.

समाजमंदिरात परत बसल्यावर किकुची-सान निकाल द्यायला उठले. त्यांनी भुवया एकत्र आणून उत्तराकडे रोखून पाहिलं.

"लगाम तू ओढला नाहीस, हे आम्ही मान्य करतो. पण घोडीला हे तू शिकवलंस. आणि ते माहीत असून कुणाला सांगितलं नाहीस. उद्या परत कुणी हाक मारली असती तर? आईला वाचवायला गेलीस आणि मैदानातल्या सगळ्यांना धोक्यात ठेवलंस. ही चूक तुझीच आहे."

"हो," उत्तरा म्हणाली. तिने खोल वाकून, कसलीही पळवाट न ठेवता माफी मागितली. आता तिला मागता येत होती.

"उरलेल्या मोसमाची बंदी योग्यच होती," अध्यक्ष पुढे म्हणाले. "पुढचे दोन उन्हाळे आम्ही मागे घेतो. एका अटीवर. मे महिन्यात इथेच परीक्षा. तुझी आई त्याच जागी उभी राहील, तशीच हाक मारेल. घोडी सरळ गेली पाहिजे."

सगळ्यांच्या माना ज्योत्स्नाबाईंकडे वळल्या. मुलीला घरी न्यायला आलेल्या बाईला आता मुलीकडे राहायला यावं लागणार होतं. त्यांनी विलासरावांकडे पाहिलं.

"मला कुकर लावता येतो," विलासराव घाईघाईने म्हणाले. "शिट्ट्या मोजायच्या, एवढंच ना?"

बर्फ वितळायला लागल्यावर ज्योत्स्नाबाई तोमानाईला आल्या आणि गोठ्यावरच्या खोलीत लेकीशेजारी गादी टाकून राहिल्या. रोज सकाळी त्या कठड्याशी उभ्या राहायच्या आणि हाक मारायच्या. घोडी यायची. आली की त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवायची, गाजर द्यायचं नाही, एक शब्दही बोलायचा नाही. हे त्यांना फार जड गेलं. हाक मारायची आणि आलेल्या जिवाकडे पाठ करायची, असं त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. पहिल्या दिवशी तर त्या खोलीत येऊन चक्क रडल्या. उत्तरा मात्र घोडी चुकून जरी सरळ गेली तरी पुढे थांबून तिला थोपटायची, गाजर द्यायची. हळूहळू घोडी गोंधळू लागली, मग दोनदा विचार करू लागली, आणि एका सकाळी नुसती मान वळवून पुढे निघून गेली. त्या दिवशी मायलेकींनी विभाने पाठवलेल्या पुरणपोळ्या गरम करून खाल्ल्या, आणि घोडीलाही एक दिली.

परीक्षेच्या दिवशी माळावर कोवळं गवत उगवलं होतं. विलासराव आले होते, बोटाला कुकरचा चटका बसलेला. पुष्कर आणि विभाही आले होते. हातानोबाई मुद्दाम ज्योत्स्नाबाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"हळू हाक मारायची नाही हं," ती म्हणाली. "मी ऐकणार आहे."

"नाही मारणार," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

घोडी वळणावर आली. लाल जाकिटातली उत्तरा मागे टेकून बसली होती, नजर पुढे. ज्योत्स्नाबाईंनी दोन्ही हातांनी कठडा धरला. क्षणभर त्यांना वाटलं, ती आली तर? आली तर उत्तरा घरी येईल. हा विचार मनात आला आणि त्यांनी तो तिथेच सोडून दिला. मग त्यांनी छातीत होता नव्हता तो सगळा जीव गोळा केला.

"ये गं चिमे! ये, ये, ये!"

आळीच काय, समुद्रापर्यंत ऐकू गेलं असेल. घोडीचा आतला कान वळला. तेवढाच. पाय आपल्या रेषेत, ठेक्यात पडत राहिले आणि गाडी त्यांच्यासमोरून वळण घेऊन सरळ निघून गेली, वाळू उडवत, लांब, आणखी लांब.

किकुची-सानांनी हात वर केला. पुष्कर ओरडला. हातानोबाईने काही न बोलता आपला रुमाल पुढे केला, कारण ज्योत्स्नाबाईंचा रुमाल कधीचाच भिजला होता. त्यांना आनंद झाला होता, खरंच झाला होता, आणि तरी ती रिकामी वाळू त्यांच्याने बघवत नव्हती.

पलीकडच्या टोकाला गाडी थांबलेली दिसली. उत्तरा खाली उतरली. तिने घोडीचा लगाम ओनोदेरा-सानांच्या हातात दिला आणि मैदान तुडवत, मोठमोठ्या टांगा टाकत ती या बाजूला यायला लागली. जवळ आली तशी पळायलाच लागली. कठड्याशी येऊन दम खात थांबली, चिखलाने माखलेली, गाल लाल झालेले.

"काय गं?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं. "काय झालं?"

"काय म्हणजे?" उत्तरा म्हणाली. "तू बोलावलंस ना? आले."